जीन हॅकमन कसा गेला ते कळलं, आता कसा जगला तेही छापा

संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

हॉलिवूडचा नट जीन हॅकमनला जाऊन इतके दिवस झाले तरी आपल्या पेपरात त्याच्याबद्दल जे काही येतं ते अजून अमेरिकेतल्या सान्ता फेच्या त्याच्या घराभोवतीच फिरतंय. बायको आधी गेली, उंदरांपासून होणाऱ्या हंटाव्हायरसने, मग साधारण आठवड्याने हा, त्याला अल्झायमर होता, घरातला एक कुत्राही मेला, आणि २६ फेब्रुवारी २०२५ ला हे सगळं उघडकीला आलं. बातमी म्हणून हे छापायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ९५ वर्षं जगलेल्या माणसाच्या शेवटच्या काही दिवसांवर कॉलमच्या कॉलम, आणि बाकी आयुष्यावर 'दोन ऑस्कर मिळवणारा, रागीट पोलीस रंगवणारा नट' एवढी एक ओळ, हे काही पटलं नाही बुवा. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचंच असेल तर हा वरचा भाग कापा.

एक तर हा माणूस तुमच्याच धंद्यातल्या घरातला. इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावात त्याचे वडील तिथल्या पेपरच्या छापखान्यात मशीनवर कामाला होते. हॅकमन १३ वर्षांचा असताना एक दिवस रस्त्यावर खेळत होता, वडील गाडीतून समोरून गेले, जाताना हात हलवला, आणि गेले ते घर सोडूनच गेले. हे त्याने स्वतः पुढे मुलाखतीत सांगितलंय, आणि असंही म्हणालाय की कदाचित म्हणूनच मी नट झालो, एवढ्याशा हात हलवण्यात किती काय असू शकतं ते तेव्हा कळलं. मला विचाराल तर त्याची सगळी ॲक्टिंग या एका गोष्टीतून निघालीये. आरडाओरडा तर कुणीही करतं हो, पण हॅकमन ओरडायच्या आधी जे करतो, म्हणजे खोटं खोटं हसणं, मान जराशी वळवणं, समोरच्याच्या खांद्यावर नको तितका वेळ हात ठेवणं, भीती त्याची वाटते.

१६व्या वर्षी वय खोटं सांगून अमेरिकेच्या मरीन्समध्ये, म्हणजे सैन्यात, भरती झाला, रेडिओ ऑपरेटर म्हणून चीन, जपान, हवाई बघून आला. मग पंचविशी उलटल्यावर कॅलिफोर्नियात पॅसाडेना प्लेहाऊसमध्ये ॲक्टिंग शिकायला गेला, तिथे दोस्ती झाली डस्टिन हॉफमनशी आणि तिथल्या लोकांनी या दोघांना 'आयुष्यात काही करून दाखवण्याची शक्यता सगळ्यात कमी' असा किताब देऊन टाकला! नंतर न्यूयॉर्कला हॉफमन काही दिवस हॅकमनच्या किचनमध्ये जमिनीवर झोपायचा. हॅकमन हॉटेलच्या दारात दरवानाचा युनिफॉर्म घालून उभा राहायचा, फर्निचर उचलायचा, बायकांच्या चपला-बूट विकायचा, आणि मधल्या वेळेत ऑडिशन. चेहरा म्हणाल तर हिरोचा अजिबात नाही. बँकेत काउंटरपलीकडे दिसेल असा.

१९६७ साली त्याला 'द ग्रॅज्युएट'मध्ये मिस्टर रॉबिन्सनचा, म्हणजे हिरॉइनच्या बापाचा, रोल मिळाला होता, रिहर्सल चालू असतानाच डायरेक्टर माइक निकोल्सने काढून टाकलं, कारण त्या रोलसाठी वय कमी दिसतंय. वय किती, ३७. म्हणजे हिरो व्हायला म्हातारा आणि सासरा व्हायला तरुण! आणि त्याच पिक्चरने हॉफमन स्टार झाला. पण त्याच वर्षी नट-निर्माता वॉरन बेटीने हॅकमनला 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये घेतलं, आधी एका पिक्चरमध्ये दोघांचा छोटासा सीन झाला होता तो बेटीच्या लक्षात राहिला होता, आणि त्यातून पहिलं ऑस्कर नॉमिनेशन आलं.

मग १९७१चा 'द फ्रेंच कनेक्शन'. डायरेक्टर विल्यम फ्रीडकिनला सुरुवातीला हॅकमन नकोच होता. आणि हॅकमनलाही त्यातला पोलीस पॉपाय डॉयल झेपत नव्हता, संशयितांना मारायचं, काळ्या लोकांना शिव्या द्यायच्या, हे त्याला करवेना, मधेच सोडून द्यायच्या गोष्टी करत होता. ज्याच्यावरून हे पात्र घेतलं तो खरा पोलीसवाला एडी इगन पिक्चरमध्येच छोट्या रोलमध्ये आहे, सेटवर समोर उभा, विचार करा. तो पुलावरून धावणाऱ्या ट्रेनखालचा कार चेस सगळ्यांना आठवतो, पण मला आठवतं ते वेगळंच, फ्रेंच स्मगलर आत ऐटीत जेवतायत आणि हा बाहेर थंडीत कुडकुडत पिझ्झा खातोय आणि घाणेरडी कॉफी ओतून टाकतोय. त्या पिक्चरला पाच ऑस्कर, त्यातला एक याचा.

आता रागीट पोलीस म्हणणाऱ्यांनी १९७४चा 'द कॉन्व्हर्सेशन' बघावा, डायरेक्टर कपोलाचा. हॅकमन म्हणजे हॅरी कॉल नावाचा माणूस, पैसे घेऊन लोकांचं बोलणं चोरून टेप करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक जोडपं गोल गोल फिरत बोलतंय, याची माणसं ते रेकॉर्ड करतायत, आणि मग हा तीच टेप परत परत ऐकतो. अर्धा पिक्चर नुसतं ऐकणं आहे हो! त्या पातळ प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये आतल्या आत आकसत गेलेला माणूस, स्वतःच्या घराला तीन-तीन कुलपं, मैत्रिणीला फोन नंबरही देत नाही. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्या पिक्चरला सर्वोच्च बक्षीस मिळालं, आणि ऑस्करला हॅकमनचं नॉमिनेशनसुद्धा नाही. त्याच वर्षी 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये आंधळा साधू बनून राक्षसाच्या मांडीवर गरम सूप ओतत होता, दाढीमागे ओळखूच येत नाही.

'सुपरमॅन'चा एक किस्सा मजेदार आहे. त्यातल्या खलनायकाच्या, लेक्स लूथरच्या, रोलसाठी मिशी काढायला हा तयार होईना. डायरेक्टर रिचर्ड डॉनर म्हणाला तू काढ, मी पण काढतो. याने काढली, आणि डॉनरने स्वतःची ओढून हातात दिली, ती खोटीच होती!

'मिसिसिपी बर्निंग'साठी १९८९ला नॉमिनेशन होतं आणि बक्षीस गेलं कोणाला, तर 'रेन मॅन'च्या हॉफमनला, किचनमध्ये झोपणाऱ्या त्याच दोस्ताला. १९९२चा 'अनफर्गिव्हन' आधी त्याने नाकारला होता, हिंसा नको म्हणून, डायरेक्टर क्लिंट ईस्टवुडने समजूत घातली. त्यातला हॅकमनचा शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, लिटल बिल स्वतःच्या हाताने घर बांधतोय, वाईट सुतारकाम, छत गळतंय, आणि तोच माणूस लोकांना चाबकाने आणि बुटांनी फोडून काढतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडा. समोर बंदूक रोखलेली असताना तो म्हणतो काय, तर मी घर बांधत होतो. आणि हॅकमन ते अशा सुरात म्हणतो की त्या नालायक माणसाची क्षणभर दया येते. दुसरा ऑस्कर त्याचाच.

वडिलांचं वर म्हटलं ते आणखी एका कारणासाठी. १९७०ला 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर'मध्ये तो बापाशी शेवटपर्यंत सूर न जुळलेला मुलगा झाला, त्यालाही नॉमिनेशन होतं. आणि २००१ला 'द रॉयल टेननबॉम्स'मध्ये बायको-पोरांना सोडून गेलेला बाप, जो मरायला टेकल्याचं नाटक करून घरात परत घुसतो. डायरेक्टर वेस अँडरसनने तो रोल त्याच्यासाठीच लिहिला होता, हा बरेच दिवस नाही म्हणत होता. का ते कसं सांगणार, पण बघताना तो रस्त्यावर उभा असलेला पोरगा डोक्यातून जात नाही. मात्र या बापाला तो ना माफ करत ना शिक्षा देत, नुसता लबाड आणि हसरा ठेवतो.

हॉफमनबरोबर एकत्र पिक्चर मिळायला २००३ उजाडलं, 'रनअवे ज्युरी', त्यातला वॉशरूममधला सीन तर मुद्दाम या दोघांसाठी घातला. पुढच्याच वर्षी एक सुमार कॉमेडी केली आणि बंद. हृदयाचा त्रास होता, डॉक्टरांनी सांगितलं ताण घेऊ नका, याने ऐकलं. ना निरोपसमारंभ, ना पुनरागमन. सान्ता फेला राहून चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या, वीस वर्षं. पेपरात या वीस वर्षांना 'अज्ञातवास' म्हटलंय, पण माणूस घरी बसून लिहीत होता, अज्ञातवास कसला.

रविवारच्या पुरवणीत जागा निघत असेल तर यातल्या एखाद्या पिक्चरवर जाणकाराकडून नीट लिहून घ्या. 'द कॉन्व्हर्सेशन'वर असेल तर फारच छान, फक्त शेवट फोडू नका.

आपला,
एक नियमित वाचक