करोना मदतीत पंचनामा झालाच नव्हता

संपादक महोदय,

अमेरिकेत करोनाकाळात शेतकरी आणि पशुपालकांना मिळालेल्या मदतीच्या काउंटीवार (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागानुसार) याद्या पाहून 'यांचं एवढं नुकसान झालं होतं का?' असं विचारलं जातं. प्रश्नच जरा चुकतो. 'कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम'मध्ये घरोघरच्या नुकसानीचा पंचनामा नव्हता. भाव किती पडले हे कृषी खात्याने देशपातळीवर पाहून दर ठरवले आणि अर्जदाराने सांगितलेल्या संख्येला त्या दराने गुणलं.

मांसासाठीची गुरं घ्या. पहिल्या फेरीत ६०० पौंडांखालची शंभर वासरं १५ जानेवारी ते १५ एप्रिल २०२० दरम्यान विकली असतील, तर जनावरामागे १०२ डॉलर, एकूण १०,२००. भाव नाही म्हणून ठेवून घेतली, तर जनावरामागे फक्त ३३. त्यासाठी १६ एप्रिल ते १४ मे यांतल्या ज्या दिवशी कळप सर्वांत मोठा, त्या दिवसाची संख्या धरायची. तो दिवस पशुपालकानेच सांगायचा. शंभर वासरांचे झाले ३,३००. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या फेरीत जनावरामागे ५५, संख्येचा दिवस १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधला, म्हणजे आणखी ५,५००. पुढे २०२१ मध्ये पहिल्या फेरीतल्या शिल्लक वासरांवर ७ डॉलर वाढवून मिळाले. बेरीज ९,५००. वासरं तीच, फरक फक्त विकण्याच्या तारखेचा.

यात गंमत अशी की मे महिन्यात पशुपालकाकडे असलेलं वासरू जुलैत फीडलॉटला, म्हणजे जनावरं पुष्ट करणाऱ्या गोठ्याला, विकलं गेलं, तर दुसऱ्या फेरीत पशुपालक आणि फीडलॉटवाला दोघांनीही ते मोजलेलं चालत होतं. ही लबाडी नव्हे, नियमच तसा होता. चूक झाली ती वेगळीकडे. पहिल्या फेरीत गायी-वळू धरून सगळा कळप मोजला जाई. दुसरीत पैदाशीची जनावरं वगळली होती. जुना आकडा तसाच पुढे लिहिला की जास्तीची रक्कम परत करण्याची वेळ आली.

मोठ्या रकमा दिसतात त्याचं कारण मर्यादेत आहे. एका व्यक्तीला एका फेरीत जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळत. पण कंपनी असेल आणि तीन सदस्य प्रत्येकी किमान ४०० तास काम वा व्यवस्थापन करत असतील, तर ७,५०,०००. नाव एक, वाटेकरी तीन.

याद्यांची तारीखही पाहावी. पहिल्या फेरीत सुरुवातीला ८० टक्केच रक्कम सोडली होती, त्यामुळे जून-जुलै २०२० चे आकडे अपुरे आहेत.

खरी फट तपासणीत होती. एडी-३११४ या अर्जात संख्या लिहून सही केली की ते स्वयंघोषणापत्र. विक्रीपट्ट्या, वजनाच्या चिठ्ठ्या, पशुवैद्याच्या नोंदी, बँकेला दिलेली कळपाची यादी हे सगळं मागितलं तरच दाखवायचं, आणि मागणी नमुन्यादाखल निवडलेल्यांकडेच. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये ही तपासणी अधिक काटेकोर करा, असं खात्याला सुचवलं. पैसे वाटून झाल्यावर!

अशा याद्या छापताना फेरीनुसार वेगळे रकाने द्यावेत, आणि नाव कंपनीचं असेल तर सदस्यसंख्याही. एकाच बेरजेवरून कोणालाही लबाड ठरवता येत नाही आणि गरजूही.

– एक वाचक