सुटी केबल संचाला बसत नाही : सुयांच्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व उत्पादन विभाग

विषय : टोके बदलता येणाऱ्या विणकामाच्या सुयांचा संच – सुटी केबल न बसणे, जोड सैल होणे आणि पेटीवरची अपुरी माहिती

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा धातूच्या सुयांचा, टोके बदलता येणारा संच मी वापरते. त्यातली एक केबल, म्हणजे दोन ताठ टोकांना जोडणारी लवचीक तार, जोडापाशी निकामी झाली म्हणून मी आपल्याकडूनच, त्याच नावाची सुटी केबल मागवली. ती संचातल्या एकाही टोकाला बसत नाही. दोन्हींचे आटे (मळसूत्राचे वेढे) वेगळे आहेत. आपल्या प्रतिनिधींना विचारले तेव्हा मधल्या काळात जोडाची रचना बदलली असून जुन्या संचासाठी केबल आता मिळत नाही, असे उत्तर आले. हा बदल ना पेटीवर लिहिला आहे, ना केबलच्या पाकिटावर. उलट पेटीच्या झाकणावर ‘सर्व केबल सर्व टोकांना बसतात’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. तेच वाक्य वाचून मी हा संच निवडला होता.

असा संच लोक का घेतात हे आपल्याला माहीत असणारच, तरीही लिहिते, कारण आलेल्या उत्तरात ते कुठे दिसले नाही. पेटीत ३.५ पासून ८ मिलिमीटरपर्यंत टोकांच्या ८ जोड्या आहेत आणि ४ लांबीच्या केबल आहेत. एवढ्याच कामासाठी जोड नसलेल्या गोल सुया घ्यायच्या तर ३२ लागतील. शिवाय एकसंध सुईला जे जमत नाही ते इथे जमते. बाहीचे टाके केबलवर तसेच ठेवायचे, दोन्ही बाजूंना टोपणे लावायची आणि टोके काढून दुसऱ्या कामाला घ्यायची. ज्यांची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल येते त्या उलट ओळ विणणाऱ्या बाजूला थोडे बारीक टोक लावतात आणि वीण एकसारखी बसते. हे सगळे एका छोट्या मळसूत्रावर अवलंबून आहे. ते जुळले नाही तर हातात उरतात सुटी टोके आणि सुट्या तारा.

त्यात बहुतेक कंपन्यांचे आटे निराळे. दुसऱ्या कंपनीची केबल आणून सहसा काम भागत नाही. म्हणजे संच घेणारी व्यक्ती त्या दिवशी नुसत्या सुया घेत नाही, पुढच्या कित्येक वर्षांसाठी त्या कंपनीशी बांधली जाते. टोके झिजायला फार काळ लागतो. केबल मात्र रोज जोडापाशी वाकते, तिथेच तिचे प्लास्टिक थकते आणि धातूच्या टोपीतून सुटू लागते. केबल बदलावी लागणार हे उघड आहे. म्हणून माझ्या मते संच निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की याच्या सुट्या केबल पुढे मिळतील का. मी तो विचारला होता, आणि छापील उत्तर आपण दिले होते.

आता मुळात केबल निकामी का झाली ते सांगते. बारीक लोकरीची जाळीची शाल विणत होते, ३.५ मिलिमीटरच्या टोकांवर. ओळीच्या मध्यावर उजवीकडचे टोक केबलपासून सुटले आणि जोडाजवळचे टाके खाली गेले. साध्या सुलट विणीत टाका सुटला तर क्रोशाच्या सुईने एकेक धागा वर ओढून तो परत घेता येतो. जाळीत तसे होत नाही. तिथे दोरा पुढे घेऊन वाढवलेला टाका शेजारच्या जोडून घेतलेल्या टाक्यांवर टिकलेला असतो. एक गेला की नक्षी खालपर्यंत उसवते आणि कोणता धागा कोणत्या ओळीचा तेच कळेनासे होते. काही ओळी सोडून एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून आधाराचा दोरा ओवून ठेवायची मला सवय आहे, म्हणून शाल तिथपर्यंत उसवून पुन्हा उचलता आली. ज्यांना ही सवय नाही त्यांची अख्खी शाल गेली असती.

यावर आपल्याकडून ‘टोक नीट घट्ट केले नसेल’ असे कळवण्यात आले. हे मला मान्य नाही. टोक रबराच्या तुकड्याने पकडून, पेटीतली किल्ली केबलच्या भोकात घालून, ती आपल्या पत्रकात दाखवल्याप्रमाणेच फिरवूनच मी प्रत्येक वेळी जोड घट्ट करते. ती किल्ली बारीक तारेची असल्याने जोर लावताच वाकते, हा दोष वेगळाच. पण जोड सैल होण्याचे खरे कारण विणण्याच्या क्रियेतच आहे. टाका घेताना उजव्या हातातली सुई दर वेळी किंचित फिरते. हळूहळू केबलला पीळ बसतो. तो पीळ सोडवायला जोडात वाव नसेल तर शेवटी आटेच उलगडतात. जोडापाशी केबल मोकळी फिरते असे संच बाजारात आहेत, म्हणजे हा प्रश्न सुया बनवणाऱ्यांना नवा नाही. आपल्या केबलमध्ये तशी सोय नाही, तर निदान आटे जास्त खोल असायला हवे होते. सोबतच्या फोटोत आपल्या टोकाचे आटे जवळून दिसतील. मोजके वेढे आहेत, आणि पहिला वेढा आताच गुळगुळीत झाला आहे.

त्याच जोडाबद्दल आणखी एक. किल्लीच्या भोकाची कड नीट घासलेली नाही. बोट फिरवले की खरखर लागते. जाड लोकरीला त्याने काही होत नाही, बारीक लोकरीचे तंतू मात्र तिथे अडकतात. याच भोकात दोरा ओवून पुढची ओळ विणली की आधाराचा दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. जाळी विणणाऱ्यांसाठी ही फार मोलाची सोय आहे. आपल्या केबलवर तो दोरा अर्ध्या ओळीतच कातरला जातो.

दुसरी मोठी तक्रार लांबीची. केबलच्या पाकिटांवर ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर असे छापले आहे. ही लांबी नुसत्या केबलची की टोकांसकट, याचा खुलासा कुठेच नाही. मी पट्टी लावून मोजले तर केबल अनुक्रमे २०, ३५, ५६ आणि ७६ सेंटिमीटर भरल्या. म्हणजे छापील आकडा टोके जोडल्यानंतरचा आहे. ते चालेल, बऱ्याच कंपन्या तसेच मोजतात. पण पेटीतले प्रत्येक टोक १२ सेंटिमीटरचे आहे. ३५ मध्ये २४ मिळवले की ५९ होतात, ५६ मध्ये मिळवले की बरोबर ८०, ७६ मध्ये मिळवले की १००. हिशेब बसतो. २० मध्ये २४ मिळवले की ४४ होतात, ४० नव्हे. ही केबल उघडच १० सेंटिमीटरच्या आखूड टोकांसाठी केलेली आहे, आणि ती आखूड टोके पेटीत दिलेलीच नाहीत.

४ सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण खरी अडचण वाकण्याची आहे. दोन्ही टोके ताठ, मध्ये फक्त २० सेंटिमीटर लवचीक केबल. टोके एकमेकांसमोर आणायची तर केबलला जोडापाशीच तीव्र वळण घ्यावे लागते. मनगटे अवघडतात, टाके जोडावर अडतात, आणि आधीच कमजोर असलेल्या त्या जागेवर सगळा ताण येतो. टोपी गोल विणायला ४० ची सुई हवी म्हणूनच लोक ही केबल असलेला संच शोधतात. आपण ती देऊन संच पुरा असल्याचे दाखवले आहे, वापरताना ती निरुपयोगी आहे. टोपी मी शेवटी १०० च्या केबलवर, टाक्यांच्या मधून केबलचा फास बाहेर काढत विणली. ती पद्धत चांगलीच आहे, मोज्यांना आणि बाह्यांना मी तीच वापरते. पण मग ती आखूड केबल पेटीत कशासाठी?

तिसरी गोष्ट टोकांवर कोरलेल्या आकड्यांची. त्यांवर मिलिमीटर नाहीत. नुसते ६, ७, ८ असे आकडे आहेत. अमेरिकी मापात ६ म्हणजे ४ मिलिमीटर आणि ८ म्हणजे ५ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश मापात नेमके उलटे, ६ म्हणजे ५ आणि ८ म्हणजे ४, कारण तिथे आकडा वाढला की सुई बारीक होते. फक्त ७ दोन्हीकडे ४.५ आहे. जुन्या पुस्तकातला नमुना समोर ठेवून विणणाऱ्या नवशिक्या व्यक्तीने काय समजायचे? मी भोकांची मोजपट्टी वापरून प्रत्येक टोक तपासले, तेव्हा आपले आकडे अमेरिकी असल्याचे कळले. पेटीवर तेही लिहिलेले नाही.

चुकीच्या जाडीची किंमत विणणाऱ्याला शेवटी कळते, सगळे श्रम करून झाल्यावर. १० सेंटिमीटरला २२ टाके या हिशेबाने २२० टाक्यांच्या स्वेटरचा घेर १०० सेंटिमीटर होतो. सुई जरा जाड झाली आणि १० सेंटिमीटरला २१ टाके बसले तर तोच घेर जवळजवळ १०५ होतो. एका टाक्याच्या फरकाने स्वेटर अंगावर ढगळ होतो. ४ च्या जागी ५ मिलिमीटरची सुई आली तर फरक एका टाक्यावर थांबतही नाही. आकडा कोरायचाच आहे तर मिलिमीटर कोरायला अडचण काय आहे, हे मला खरोखर समजत नाही.

धातूबद्दलही पेटी गप्प आहे. ‘उच्च दर्जाचा धातू’ एवढेच लिहिले आहे. पितळेवर निकेलचा मुलामा आहे की सुया स्टेनलेस स्टीलच्या आहेत, हे जाणून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कितीतरी लोकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही आणि सुई तासन्‌तास बोटांत असते. माझ्या थोरल्या बहिणीला निकेलने पुरळ येते, ती तेवढ्यासाठी बांबूच्या सुया वापरते. तिच्यासाठी हाच संच घ्यावा का, असे मी आपल्याला लेखी विचारले होते. त्या पत्राला उत्तर नाही.

या संचाची टोके चांगली आहेत, हेही मला सांगितले पाहिजे. निमुळती आहेत पण बोटाला टोचत नाहीत, दोन टाके एकत्र घेताना लोकर फाटत नाही, टाके वेगाने सरकतात. जाळीसाठी अशी टोके सहज मिळत नाहीत. ज्यांनी ती घडवली त्यांना विणकाम कळते. म्हणूनच एवढ्या बारकाईने लिहिते आहे. इतक्या चांगल्या टोकांना साजेसा जोड नसावा आणि वर त्यांच्यासाठी केबलही मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

माझी मागणी अशी. माझ्या संचाच्या आट्यांना बसणाऱ्या ६० आणि ८० च्या केबल आपण पुरवाव्यात. साठ्यात नसतील तर जुने आटे आणि नवे आटे जोडणारा छोटा दुवा बनवून द्यावा. माझ्यासारखे जुने ग्राहक इतरही असणार, त्यांनाही तो उपयोगी पडेल. यातले काहीच शक्य नसेल तर संपूर्ण संच परत घेऊन पैसे द्यावेत किंवा नव्या जोडाचा संच द्यावा. न बसलेल्या सुट्या केबलचे पैसे तर कोणत्याही परिस्थितीत परत मिळायला हवेत, कारण ती मी आपल्याच छापील शब्दावर घेतली.

पेटीवर आणि पाकिटांवर नुसत्या केबलची लांबी, टोकाची लांबी आणि जोडल्यावरची एकूण लांबी, तिन्ही छापावीत. टोकांवर मिलिमीटर कोरावेत. धातूचे नाव लिहावे. जोडाची रचना बदलली असेल तर नव्या केबलच्या पाकिटावर तसे ठळक सांगावे, म्हणजे जुना संच असलेले लोक फसणार नाहीत. आणि ४० ची केबल द्यायचीच असेल तर तिच्यासोबत १० सेंटिमीटरच्या टोकांची निदान एक जोडी द्यावी, नाहीतर ती केबल पेटीतून काढून टाकावी.

बिलाची प्रत, आट्यांचे फोटो, पट्टी लावून काढलेले केबलचे फोटो आणि आपल्या प्रतिनिधींशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. निकामी झालेली केबल आणि न बसलेली केबल, दोन्ही तपासणीसाठी पाठवायला मी तयार आहे. त्या कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या आणि येण्याजाण्याचा खर्च आपण करणार का, ते लेखी कळवावे. निकेलबद्दलच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच पत्रात द्यावे, बहीण त्यासाठी थांबली आहे.

आपली,
एक ग्राहक