फायहिंगेनमधलं नवं घर

श्टुटगार्ट (जर्मनी), रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मग माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहूनच कळवते. घर मिळालं. फायहिंगेन भागात, दोन खोल्या, दुसरा मजला. स्वतः पाहून, करार वाचूनच सही केली आहे. जेवतेय नीट, स्वेटर घालतेय, बाकी नेहमीचंच.

आई, इकडे रात्री बाहेर पडणं धोक्याचं असं सांगणारा मामाने पाठवलेला तो व्हिडिओ मीही पाहिला. तो कुठल्या गावातला हे मामालाही ठाऊक नसणार. बाबा, तुम्ही म्हणता तसं मुख्य स्टेशनजवळ घेतलं असतं तर प्रवास वाचला असता, कबूल. पण मोठ्या स्टेशनाजवळची रात्र मला कुठल्याच शहरात नको. इथून एस-बान, म्हणजे इथली लोकल, थेट शहराच्या मध्यात जाते, शुक्रवारी-शनिवारी रात्रीसुद्धा. आणि मुंबई-श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत हे तुम्ही शोधून काढलंत ते खरंच आहे, पण त्यावर भाडं कमी होत नाही हो.

दिवसा घर बघायला सगळेच जातात. मी रात्री उशिरा स्टेशनपासून दारापर्यंत चालून पाहिलं. दिवे आहेत, तळमजल्याच्या खिडक्यांत माणसं दिसतात. मग रविवारी गेले. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे रस्त्यावर दिसतात ते तिथेच राहणारे. बाबागाडी घेऊन चाललेल्या एका बाईंना सरळ विचारलं, रात्री एकट्या येता का? म्हणाल्या, येते, फक्त पुलाखालून नाही. एवढं खरं एजंट सांगत नाही. इथे बेलवर फ्लॅटचे नंबर नसतात, आडनावं असतात. आमच्या दारावर तुर्की, क्रोएशियन, ग्रीक, एक तमिळ अशी आहेत, त्यात आपलं खपून जातं. अर्जावरचं आडनाव वाचून उत्तरच न देणारेही असतात, ते सोडा.

फसवणुकीची काळजी करू नका. घर न दाखवता पैसे मागणारे, किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणणारे इथेही आहेत, त्यांना मी उत्तरच देत नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो द्यायला जो कां-कूं करतो, तिथून उठायचं.

आता एक गंमत. इथे केरवोखं म्हणून प्रकार आहे. एक पाटी असते, ती तुमच्या दाराच्या मुठीला लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना तुम्ही झाडायचा आणि पुसायचा. झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. ही झाली छोटी पाळी. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, पुढचा फुटपाथ, थंडीत बर्फसुद्धा. जिना आधीच लख्ख असला तरी झाडायचाच! आणि शक्यतो शनिवारी, म्हणजे सगळ्यांना दिसतं. पंधराव्या शतकाच्या शेवटापासून इथे असले हुकूम निघत आले. शहराने सक्ती १९८८मध्ये काढून टाकली, तरी भाडेकरारात ती राहिलीच आहे. पगारी बाई का लावत नाहीत, असं मी विचारलं तर खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. कोपरा राहिला तर बेल वाजवून सांगतात. आई, तुला त्या फार आवडतील. मला राग येतो, पण हे घर मी घेतलं ते त्यांच्याकडे बघूनच. मी किती वाजता आले, पार्सल कुणी आणलं, त्यांना सगळं माहीत. पहाऱ्याला वेगळा वॉचमन कशाला?

आता पैशांचं. डिपॉझिट कायद्याने महिन्याच्या मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येतं, यांनी तेवढं घेतलं. तीन हप्त्यांत देता येतं, पण तीन महिने घरी कमीच येतील. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढे ढकलाल का? बाबा, त्यासाठी एफडी मोडू नका, शपथ आहे. मार्चपासून भरपाई करते. दिवाळीला येणार म्हणाले होते, ते तिकीटही यातच गेलं. आई, ताईला तूच सांग, माझ्यावर ती चिडेल.

आत्याने आणलेलं म्यूनिकचं स्थळ नको म्हणून कळवा. मुलगा वाईट आहे म्हणून नाही. दोन खोल्या कशाला, असं काकू विचारत होती ना? एक तुमच्यासाठी, उन्हाळ्यात या. बाकीचं तेव्हा समोरासमोर बोलू, काळजीचं काही नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबांचा शुगरचा रिपोर्ट पाठवा. मागच्या वेळी अर्धाच फोटो आला होता, आकडा कापलेला.