नोकरी सोडून काय शिकणार, याविषयी आई-बाबांना

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नोकरी सोडून दोन वर्षे लँडस्केप आर्किटेक्चर शिकावे असा माझा विचार आहे, हे मी मागच्या रविवारी फोनवर सांगितले, तेव्हा बाबांनी "पाच वर्षे आर्किटेक्चर शिकून शेवटी माळीकामच करायचे का?" असे विचारले आणि आईने लगेच पावसाचा विषय काढला. त्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती, हे मला कळते. शिवाय तोच प्रश्न मला ऑफिसातही विचारला गेला आहे. म्हणून या कामात नेमके काय असते, ते मला का करावेसे वाटते आणि त्यावर पोट भरेल का, हे सविस्तर लिहून कळवायचे ठरवले. (माळीकामाविषयी माझ्या मनात कमीपणा नाही, जाणता माळी मिळाला नाही म्हणून लाखो रुपयांच्या बागा पहिल्याच उन्हाळ्यात वाळलेल्या मी पाहिल्या आहेत.)

इमारतीचा आराखडा करणारा आर्किटेक्ट साधारणपणे जोत्यापाशी थांबतो. जोत्यापासून कुंपणापर्यंत, आणि मोठ्या कामात कुंपणाच्या पलीकडेही, जमीन कुठे कापायची आणि कुठे भरायची, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहू द्यायचे आणि कुठे मुरवायचे, कोणती जुनी झाडे राखायची आणि कोणती नवी लावायची, माणसांनी कुठून चालायचे, कुठे टेकायचे आणि दुपारी तीन वाजता सावली कुठे असेल, हे सगळे ठरवणे हे लँडस्केप आर्किटेक्टचे काम असते. त्याच्या नकाशात पहिला मान समपातळी रेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, असतो. बाबा, त्याच रेषा तुम्ही माण तालुक्याच्या उघड्या डोंगरांवर चुन्याची फक्की टाकून प्रत्यक्ष जमिनीवर आखत होता. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर, त्याखाली बांध, त्याखाली नाल्यातले बंधारे, असे माथ्यापासून पायथ्याकडे येत तुम्ही काम केलेत. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला जिरायला, हे तुमच्या खात्यातले वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. मला जे शिकायचे आहे त्याचा निम्मा भाग म्हणजे हेच शास्त्र. फरक इतकाच की ते शहरात लागू करायचे, जिथे उतार डांबराखाली गेलेला असतो आणि तो तिथे आहे याचीच लोकांना आठवण उरलेली नसते.

ही आठवण पुण्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झाली. कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याला अचानक पूर आला, काठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि अनेक माणसे दगावली. त्या दिवसांत तुम्ही दोघे किती घाबरला होता हे मी विसरलेले नाही. नंतर पाऊस किती पडला याची खूप चर्चा झाली. ओढ्याला किती जागा उरली होती याची त्या मानाने थोडी झाली. एक साधा हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे दोन लाख लिटर. माळरानावर यातले बरेचसे जमिनीत जाते. तीच एकरभर जागा काँक्रीटने झाकली की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत खालच्या नाल्यात उतरते, आणि तो नाला आपण आधीच भिंती घालून अरुंद केलेला असतो. हा ओढा पेशवाईतही वळवला गेला होता आणि पर्वतीच्या पायथ्याशी तेव्हा मोठे तळे होते. सारसबागेतल्या गणपतीला लोक अजून तळ्यातला गणपती म्हणतात, भोवती मात्र आता बाग आहे. शहरे पाण्याला हलवत आली आहेत आणि यापुढेही हलवतील. माझे म्हणणे इतकेच की ते हलवताना उताराचा हिशेब मांडणारा कोणीतरी टेबलाशी बसलेला असावा.

हा व्यवसाय परदेशी नखरा आहे, असे मामा म्हणाले. त्याचे आजचे नाव आणि रीतसर शिक्षण तिकडून आले हे खरे आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकेतला गृहस्थ आधी शेती आणि पत्रकारिता करत होता. १८५८ मध्ये त्याने आणि कॅल्व्हर्ट वॉक्स याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली. ८४३ एकरांची ती बाग पाहणाऱ्याला निसर्गाने दिलेली वाटते, परंतु तिथली सगळी तळी माणसाने केलेली आहेत आणि मूळची जागा खडक आणि दलदल यांची होती. मला त्याचे बॉस्टनचे काम जास्त मोलाचे वाटते. तिथे सांडपाण्याने कुजलेल्या आणि भरतीला फुगणाऱ्या दलदलीची व्यवस्था लावताना त्याने पुराचे पाणी सामावणारी बाग केली. म्हणजे जे काम मलनिस्सारण खात्याचे समजले गेले असते, ते त्याने लोकांना फिरायला आवडेल अशा रीतीने पार पाडले.

आपल्याकडची कामेही कमी प्रतीची नाहीत. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी जो महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचा ३७ एकरांचा भाग आहे, तो पूर्वी कचऱ्याचा डेपो होता. आज तिथे दाट झाडी आहे आणि शाळेच्या सहली जातात. दिल्लीला हुमायूनच्या कबरीशेजारची सुंदर नर्सरी ही सुमारे ९० एकरांची जागा २०१८ मध्ये लोकांना खुली झाली. तिचा आराखडा प्राध्यापक मोहम्मद शाहीर यांचा होता, आणि ती खुली झालेली पाहायला ते हयात नव्हते. या कामात असे पुष्कळदा होते, कारण झाड त्याच्या वेळेने वाढते. अहमदाबादेत प्रभाकर भागवतांनी हा विषय रुजवण्यासाठी आयुष्य वेचले. ही नावे वर्तमानपत्रांत फारशी येत नाहीत एवढेच.

आता ऑफिसात प्रत्यक्ष काय चालते तेही सांगते, कारण माझा विचार तिथेच पक्का झाला. गृहप्रकल्पात लँडस्केपवाल्याला बहुधा शेवटी बोलावतात. इमारती उभ्या राहिलेल्या असतात, पैसा संपत आलेला असतो आणि तळघरातल्या पार्किंगच्या स्लॅबवर "इथे छान हिरवे करून द्या" असे सांगितले जाते. एका प्रकल्पात माहितीपत्रकातल्या चित्रात मोठी झाडे दाखवलेली होती, आणि स्लॅबवर मातीसाठी ठेवलेली जागा लॉनपुरती, जेमतेम एक फूट होती. मोठ्या झाडाला निदान एक मीटर माती लागते. ओली झाल्यावर तिचे वजन दर चौरस मीटरला पावणेदोन-दोन टन होते आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या दिवशी सांगावे लागते. ते सांगणारे कोणी नव्हते. शेवटी कुंड्यांत पाम लावून वेळ निभावली गेली आणि ग्राहकांना ते पाम दिसले, चित्रातली झाडे मात्र दिसली नाहीत.

झाडांच्या निवडीचेही तसेच. लवकर वाढते, पाणी मागत नाही, बाराही महिने हिरवे दिसते, म्हणून गेली काही वर्षे जिथे तिथे कोनोकार्पस लावले गेले. गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) इतके माजले आहे की उन्हाळ्यात खाली गवतसुद्धा नीट दिसत नाही. (बाबा, बांधांवर गिरिपुष्प लावण्याचा आग्रह तुमच्याही खात्याने केला होता, हिरवळीच्या खताला ते चांगले असते हे मान्य करून मी पुढे जाते.) ओढ्याच्या काठी वाळुंज, करंज, अर्जुन, माळावर पळस, बहावा, पांगारा, हे ज्या त्या जागेचे शहाणपण आहे आणि ते नर्सरीवाल्याच्या यादीतून शिकता येत नाही. कोणते झाड कोणत्या मातीत, किती अंतरावर, कोणाच्या संगतीने वाढते, हे मला आज येत नाही आणि केवळ नोकरी करत राहून ते येईल असे वाटत नाही.

आई, तुझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत उपयोगाची गोष्ट मी मागे ठेवली होती. पुण्याला आलीस की बागेत जाऊ म्हटले तर तू "पायऱ्या असतील, मी खालीच बसते" म्हणतेस. चाकाच्या खुर्चीला चढता यावा असा उतार एकास बारा, म्हणजे बारा फूट लांबीत एक फूट चढ, असावा लागतो, बाकाची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असावी आणि उठताना रेटा द्यायला त्याला हात असावेत, फरशी पावसात घसरू नये, आणि एका बाकापासून पुढचा बाक दिसावा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला पुढे जाण्याचा धीर होतो. हे सगळे कागदावर आखता येते. आपल्या बहुतेक बागा धावणाऱ्या मुलांसाठी आणि फोटोसाठी आखलेल्या आहेत. साठीनंतरच्या बाईचा विचार तिथे क्वचितच झालेला असतो.

शिकण्याच्या सोयींविषयी. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात आहे; दिल्ली आणि भोपाळ येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्र सरकारच्या संस्थांत आहे. सरकारी संस्थेत गेट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. माझी पहिली पसंती दिल्लीला आहे, कारण शुल्क झेपण्यासारखे आहे. पुण्यात राहून शिकले तर राहण्याचा खर्च वाचेल आणि तुमच्याकडे येणे-जाणे राहील. अहमदाबादचे शिक्षण उत्तम आहे, परंतु तिथे कर्ज काढावे लागेल आणि ते मला नको आहे.

उणे बाजू लपवत नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखालील परिषद आहे, तशी लँडस्केप आर्किटेक्टसाठी स्वतंत्र कायदेशीर नोंदणी आपल्या देशात नाही. इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांची संस्था २००३ पासून आहे, पण तिच्या सदस्यत्वाने कायद्याचा अधिकार मिळत नाही. त्यामुळे कोणीही कंत्राटदार पाटीवर ते नाव लावू शकतो. महापालिकांच्या उद्यान विभागांत बहुधा कृषी किंवा उद्यानविद्येच्या पदवीधरांना घेतात, म्हणजे तिथली कायमची नोकरी मी धरून चालत नाही. सुरुवातीला पगार आजच्यापेक्षा कमी मिळेल. दुसऱ्या बाजूला, वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, त्यात झाडे आणि पावसाचे पाणी यांचा आराखडा द्यावा लागतो, आणि नदीकाठ, खाणींच्या सोडलेल्या जागा, जुन्या वास्तूंचे परिसर अशी कामे निघत आहेत. माझी आर्किटेक्ट म्हणूनची नोंदणी कायम राहील, म्हणजे हे जमले नाही तर इमारतींच्या कामाकडे परत येता येईल. तुमच्या मुदत ठेवींना मी हात लावणार नाही; दोन वर्षांच्या खर्चापुरते मी साठवले आहे, आणि गेटचा निकाल लागेपर्यंत नोकरीचा राजीनामा देणार नाही.

बाबांना एक विनंती आहे. प्रवेशासाठी स्वतःच्या कामाची वही दाखवावी लागली तर माझ्याकडे फक्त इमारती आहेत, म्हणून आपल्या घरामागचा ओढा, डोंगराच्या माथ्यापासून खालच्या सिमेंट बंधाऱ्यापर्यंत, मोजून त्याचा नकाशा करावा असे मनात आहे. कोणते चर भरून गेले, कोणते अजून पाणी धरतात, कुठे कोणते झाड आपोआप आले, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. दिवाळीला मी चार दिवस जास्त रजा घेऊन येते. तोवर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची प्रत काढून ठेवता आली तर फार बरे होईल. शुल्काची पावती ठेवा, पैसे मी देणार आहे.

कळावे,
आपली,
मेघना