माझ्या मुठीतला मे महिना

पुणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शुभे,

शिव्या घालायच्या असतील तर आधीच घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे तीन फोन तसेच पडून आहेत आणि अक्षयच्या दहावीच्या निकालावर मी नुसता अंगठा उमटवला. अंगठेबहाद्दर म्हण हवं तर. इकडे तब्येती ठीक. विनयची ॲसिडिटी, माझी कंबर. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला माझ्या घरातली धूळसुद्धा दिसते.

आता मूठ मिट. उजवी. थट्टा नाही गं, खरंच मिट. चार उंचवटे दिसतायत ना? माझ्या मुठीवर तीनच, आणि अनामिकेच्या जागी खळी, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! मुठीवर महिने मोजताना जानेवारी तर्जनीच्या गाठीवर धरला की मे येतो अनामिकेवर, आणि माझा मे थेट खड्ड्यात. होस्टेलच्या कॅलेंडरवर तूच लिहून ठेवलं होतंस, ‘नीलूचा मे तीस दिवसांचा, एका दिवसाचा स्टायपेंड कापावा.’ शिंदेमामा वर्षभर मला ‘तीस दिवसवाल्या ताई’ म्हणायचे. ग्लोव्ह घातला की चौथ्या बोटाचं टोक पुढे लोंबायचं, ते एकदा बन्सेन बर्नरवर धरलं गेलं, तेव्हा तू आधी हसलीस आणि मग बर्नर बंद केलास. क्रम मी विसरलेले नाही.

त्याच खळीवरून हे पत्र आहे.

माझ्या ओवीची शाळेत प्रार्थनेच्या वेळची फिट तुला माहीत आहे. एपिलेप्सी म्हणून आठ महिने गोळ्या दिल्या, त्याही माहीत आहेत. त्या आठ महिन्यांत कुणीही तिचं कॅल्शियम तपासलं नाही, हे तुला माहीत नाही. मलाही सुचलं नाही, मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झालेल्या बाईला. पोरगी सांगत होती, लिहिताना बोटं वळतात, ओठांभोवती मुंग्या येतात. मी म्हणाले, अभ्यास टाळायची सोंगं आहेत. हे लिहितानासुद्धा हात थांबतो बघ.

मग फेब्रुवारीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, हार्मोनवाल्या. सिस्टरने बीपीचा पट्टा दंडाला बांधून फुगवला आणि दोनेक मिनिटांत ओवीचा पंजा आपोआप आत वळला, बोटं ताठ जुळलेली, मनगट वाकलेलं. भाकरी थापणारीचा हात मध्येच गोठावा तसा. डॉक्टर खुर्चीतून उठले. तिच्या कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली, तर ओठाचा कोपरा उडाला. मग म्हणाले, “बाळ, मूठ मिट बघू.” मिटली. मे महिना गायब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आई, आता तुम्ही मिटा.”

शुभे, मी मूठ पदराखाली लपवली गं. ड्रेस घातला होता, पदर नव्हताच, तरी हात तिकडेच गेला.

कॅल्शियम 6.1, साडेआठच्या वर हवं. फॉस्फरस 8.2. आणि पॅराथायरॉइड हार्मोन 480, जे 65 च्या आत असायचं. म्हणजे ग्रंथी कमी पडत नाहीये, ती घसा फोडून ओरडतेय, कॅल्शियम धरून ठेवा, फॉस्फेट फेका, आणि मूत्रपिंडाला ऐकूच येत नाही. नाव ऐक, स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम, 1ए. आणि बिघाड कशात, तर जीएनएएस नावाच्या जनुकात. मी मध्येच म्हणाले, “म्हणजे जीएस अल्फा?” ते चष्म्यावरून बघायला लागले. त्या क्षणी मला ना विनय आठवला ना आई. आठवलीस तू, इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून माझ्यावर ओरडणारी.

आपलं जीएस, शुभे. दोन वर्षं ज्याच्या नावाने भात खाल्ला ते. तुला काय सांगायचं, पण लिहू दे, लिहिलं की मला जरा कळल्यासारखं वाटतं. पेशीपटलाच्या आतल्या अंगाला चिकटून बसलेलं ते प्रथिन. बाहेर हार्मोन येऊन दार वाजवतं, आत हे निरोप पोचवतं, मग एएमपीची ती गोल चिठ्ठी तयार होते आणि पेशी कामाला लागते. कॉलऱ्याचं विष काय करतं? पाच पायांनी आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-1 नावाच्या रेणूला धरतं, सहावा तुकडा आत सोडतं, आणि तो तुकडा नेमकं हेच प्रथिन चालू स्थितीत अडकवून ठेवतो. नळ बंदच होत नाही, तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. माझ्या लेकीत उलटं झालंय. तिथे निम्मा माल आलाच नाही आणि मूत्रपिंडात नळ उघडतच नाही.

आणि त्या प्रथिनाच्या साखळीतलं दोनशे एक नंबरचं आर्जिनिन! व्हायव्हात तू अडखळलीस आणि मी मागून दोन बोटं, मूठ आणि एक बोट दाखवलं, ते. विष जिथे शिक्का मारतं तीच जागा. परवा वाचलं, त्याच जागी गर्भात एखाद्या पेशीत चूक झाली तर तिसराच आजार होतो, मॅकक्यून-ऑलब्राइट, हाडं ठिसूळ, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, मुली अवेळी वयात येतात. आणि हा ऑलब्राइट म्हणजे बोस्टनचा तोच फुलर ऑलब्राइट, ज्याने 1942 साली ओवीचा आजार पहिल्यांदा सांगितला. त्या काळी आजार म्हणजे हार्मोन कमी किंवा जास्त, एवढाच हिशोब. हा म्हणाला, हार्मोन भरपूर आहे, अवयव बहिरा आहे. त्याला उदाहरण काय सुचलं असेल? सीब्राइट बँटम कोंबडा! नर असून पिसारा कोंबडीसारखा. शोधनिबंधाच्या शीर्षकात कोंबडा आहे गं. कोंबड्याच्या बाबतीत तो चुकला होता म्हणे, कारण पुढे वेगळंच निघालं, पण माणसाच्या बाबतीत त्याचं बरोबर होतं. ओवीला सांगितलं तर ती दोन दिवस घरात आरवत फिरत होती.

मॅडमना हे सगळं आवडलं असतं. त्यांचं ते शंभूनाथ दे यांचं दरवर्षीचं लेक्चर आठवतं? “ससा, दोन दोरे, आणि कलकत्त्याचा एक माणूस.” कॉखने 1884 मध्ये कॉलऱ्याच्या विषाचा नुसता अंदाज केला, आणि 1959 साली दे साहेबांनी जंतू गाळून काढलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडून ते टम्म फुगवून दाखवलं. लेडरबर्गने, स्वतः नोबेलवाल्याने, नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवूनही मिळालं नाही, इथे मॅडम चष्मा पुसायच्या आणि तू माझ्या वहीत ससा काढायचीस.

बरं, मुद्द्यावर येते. मी मुद्दा टाळतेय हे तुला पहिल्या पानावरच कळलं असणार.

या जनुकाची गंमत म्हणजे (गंमत!) मूत्रपिंडाच्या एका भागात, थायरॉइडमध्येही, बहुतेक आईकडून आलेली प्रतच वाचली जाते. वडिलांची मिटून ठेवलेली. त्यामुळे बिघडलेली प्रत वडिलांकडून आली तर माणूस नुसता बुटका, गोल चेहऱ्याचा, आखूड बोटाचा. रक्त चोख. त्याला ऑलब्राइटने 1952 मध्ये नाव दिलं स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम. खोट्याचा खोटा. तो खोट्याचा खोटा म्हणजे मी. माझा रिपोर्ट आला गेल्या महिन्यात. आबांची प्रत माझ्या अंगात चाळीस वर्षं गप्प बसली, आणि ओवीच्या अंगात आईकडची म्हणून बोलायला लागली.

आबांची तपासणी आता कुठून करणार? पण तू त्यांना पाहिलंयस. ती उंची, तो लाडवासारखा चेहरा. आणि पोटरीवर कातडीखालचा तो खडा, ज्याला ‘माझा शाळिग्राम’ म्हणून आम्हा पोरींना हात लावायला द्यायचे. कातडीखाली हाड धरणं हाही याच जनुकाचा उद्योग. कदाचित चूक माझ्यातच पहिल्यांदा झाली असेल आणि आबांचा काही संबंध नसेल, डॉक्टर तेही म्हणाले. पण मला तो शाळिग्राम विसरता येत नाही.

ओवी दोन वर्षांची असताना टीएसएच 11 आला होता, म्हणजे थायरॉइड सुस्त, तेव्हापासून थायरॉक्सिन चालू आहे. “असतं हो पुष्कळांना.” तीच पहिली खूण होती. वजन वाढायचं तर ‘आजोबांवर गेलीये’. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि आम्ही तिचे गालगुच्चे घेत होतो.

आता ती कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल घेते. साधं ड जीवनसत्त्व चालत नाही, ते कामाला लावायचं कामही त्याच बहिऱ्या मूत्रपिंडाचं. फिटच्या गोळ्या हळूहळू उतरवून बंद केल्या. पोरगी बरी आहे. रडू नकोस, मी रडून झालेय.

रडू येतं ते माझ्या बहिणीचं, मनूचं. मनूला पंधरावा आठवडा लागलाय, शुभे. चार वर्षं सांगली-मिरजेचे दवाखाने, ती इंजेक्शनं, सासूबाईंचे सोळा सोमवार, आणि आता कुठे राहिलंय. तिला मी काय सांगू? की आबांनी तुलाही ती प्रत दिली असण्याची शक्यता निम्मी, आणि दिली असेल तर बाळाला जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी? विनय म्हणतो, लगेच सांग. आई म्हणते, “माझ्या पोरीचं सुख बघवत नाही का तुला?” असं म्हणाली गं. मग स्वतःच घाबरली आणि मला चहा करून दिला.

सांगावं तर उरलेले महिने ती भीतीत काढेल, आणि तिच्या सासरी ‘यांच्या घराण्यातच’ सुरू होईल. तपासणी करून पुढे काय, त्या वाटेचा विचार तिचा, माझ्या तोंडून त्यातला शब्दही निघायला नको. न सांगावं तर? बाळाचं थायरॉइड, कॅल्शियम पहिल्या दिवसापासून बघितलं तर त्याला प्रार्थनेच्या रांगेत पडायची वेळ येणार नाही. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी काय काय दिलं असतं!

म्हणून तुला विचारायचंय. तू मनूच्या लग्नात रात्री दोन वाजेपर्यंत तिच्या हातांवर मेंदी काढत बसली होतीस. तिचा हात तुझ्या मांडीवर होता. आठव ना, मागच्या बाजूला अनामिकेची गाठ होती की खळी? आणि चुडा भरायला आलेल्या त्या कासारीणबाई, त्या माझा हात दाबून म्हणाल्या होत्या, “ताईंचा हात लोण्याचा, हाडच लागत नाही,” आणि आई केवढी फुशारली होती! मनूचा हात धरून त्या काय म्हणाल्या? मी तेव्हा खाली श्रीखंडाच्या पातेल्यापाशी होते. तू तिथे होतीस. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत मेलीने हात जोडलेले नाहीतर फुलांत बुडवलेले. एका फोटोत मूठ आहे, तर त्यावर नवऱ्याचा पंजा.

तू काय म्हणशील तेही ऐकू येतंय. चौथं हाड आखूड असलेली धडधाकट माणसं रगड असतात, आणि गाठ दिसली म्हणून मनू सुटली असंही होत नाही. खरं काय ते रक्तच सांगेल. मूठ बघणं म्हणजे अग्निपरीक्षा टाळून पोपटवाल्याकडे जाणं. ठाऊक आहे मला. तरी सांग.

तुझ्या नाशिकच्या घराचं काय झालं? वास्तुशांत मी चुकवली, साडी राहिली द्यायची. अक्षय सायन्सला गेला ना? सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारत होते म्हणून सांग.

शनिवारी आम्ही सांगलीला जातोय, डोहाळे पुरवायला. आई खारवड्या आणि लिंबाचं लोणचं बांधतेय. ओवीला कालच कुणीतरी मुठीवर महिने मोजायला शिकवलंय आणि ती भेटेल त्याची मूठ मिटवून घेते. तिला गप्प बसवायचं की मावशीपुढे जाऊ द्यायचं, हे अजून ठरवलेलं नाही. शुक्रवार रात्रीच्या आत फोन कर. कितीही वाजता.

तुझी,
नीलू

ता. क. त्या 14 नंबरच्या फ्लास्कमध्ये मी कॉलऱ्याचं विष घातलं नव्हतं. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. सगळ्या पेशी लांबट झाल्या आणि त्या एका फ्लास्कात गोलच राहिल्या, तेव्हा “मी घातलं, पेशींनीच ऐकलं नाही” म्हणून मी पंधरा दिवस तुझ्याशी बोलले नाही. विसरले होते. दुसऱ्या दिवशी नळी फ्रीजमध्ये तशीच सापडली, ती मी बेसिनमध्ये ओतली. आता हस, आणि मग फोन कर.