थायरॉइड: रक्तातला आकडा आणि अवयवांतले काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात थायरॉइडवर आलेला लेख वाचला. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून तिचे चार तासांचे अंतर ठेवावे, ही त्यातील सूचना फार उपयोगाची होती. मात्र थायरॉइड कमी झाले की वजन वाढते आणि टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) जागेवर आले की प्रश्न मिटतो, एवढ्यावरच लेख थांबला, याची रुखरुख लागून राहिली. बरीच वर्षे महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना, आणि त्याहूनही अधिक घरातल्या एका आजारपणात मला हे उमगले की थायरॉइड संप्रेरकाचे खरे काम रक्तात नव्हे, तर एकेका अवयवाच्या पेशींत चालते आणि प्रत्येक ठिकाणी त्याची रीत निराळी असते.

माझ्या थोरल्या वहिनींचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, म्हणून त्यांना ते कमी करण्याची गोळी सुरू झाली. काही महिन्यांत मांड्या आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की जिना चढणे नकोसे झाले. वजन फारसे वाढलेले नसल्यामुळे थायरॉइडचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. शेवटी एका अनुभवी डॉक्टरांनी त्यांच्या टाचेमागच्या शिरेवर हातोडीने हलकेच ठोकले. पाऊल झटकन खाली गेले, पण मूळ जागी यायला त्याने नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला, आणि तेवढ्यावरून त्यांनी टीएसएच तपासायला सांगितले. ते कितीतरी पटींनी वाढलेले होते, म्हणजेच थायरॉइड संप्रेरक कमी पडत होते. रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल ओढून घेणारे ग्राही (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात आणि ते पुरेशा संख्येने तयार होण्यासाठी थायरॉइड संप्रेरक लागते. आकुंचनानंतर स्नायू सैल पडण्यासाठी कॅल्शियम परत साठवणारा जो पंप चालतो, तोही याच संप्रेरकावर अवलंबून असतो. म्हणजे वाढलेले कोलेस्टेरॉल आणि सावकाश परतणारे पाऊल ही एकाच उणिवेची दोन रूपे होती. ही उणीव न ओळखता कोलेस्टेरॉलची गोळी दिली, तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर त्यांचे कोलेस्टेरॉलही उतरले आणि पायही हलके झाले.

असे का होते, हे वाचकांना समजावून सांगणे अवघड नाही. गळ्यातील ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते, तो जणू साठ्यातला माल असतो. त्यातील आयोडीनचा एक अणू काढला की कामाचे टी-३ मिळते, आणि शरीरातील सुमारे ८० टक्के टी-३ हे ग्रंथीच्या बाहेर, अवयवांमध्येच तयार होते. शस्त्रक्रियेने किंवा अन्य कारणाने ग्रंथी गमावलेल्या रुग्णांना केवळ टी-४ दिले, तरी त्यांच्या रक्तात टी-३ सापडते, हे १९७० साली सिद्ध झाले. आज टी-४ची एकच गोळी पुरते, ती यामुळेच. हे रूपांतर करणारी डिआयोडिनेज नावाची विकरे (एन्झाइम) सेलेनियम या खनिजावर चालतात. यकृत आणि मूत्रपिंडात त्यांचा एक प्रकार आढळतो, मेंदू आणि पिट्यूटरी ग्रंथीत दुसरा, तर गर्भाच्या वारेत (प्लासेंटात) असलेला तिसरा प्रकार संप्रेरक निष्प्रभ करून टाकतो. याखेरीज संप्रेरकाला पेशीत शिरण्यासाठी दार लागते आणि आत गेल्यावर त्याला ओळखणारा ग्राहीही लागतो. काही मुलांमध्ये एमसीटी-८ हे दार जन्मतःच बिघडलेले असते. त्यांच्या रक्तात टी-३ भरपूर असूनही मेंदू उपाशी राहतो.

ग्राहींचेही दोन मुख्य प्रकार आहेत. हृदयात प्रामुख्याने अल्फा असतो, तर यकृत आणि पिट्यूटरीत बीटा. ज्यांचा बीटा ग्राही सदोष असतो, त्यांची पिट्यूटरी संप्रेरक कमी पडत असल्यासारखी टीएसएच सोडत राहते, ग्रंथी जास्त काम करते आणि त्याच वेळी हृदय मात्र वेगाने धडधडते. एकाच शरीरात, एकाच रक्तावर दोन अवयव परस्परविरुद्ध साक्ष देतात. हा भेद हेरूनच यकृतावर रोख ठेवणारे आणि बीटा ग्राहीला चालना देणारे रेस्मेटिरॉम हे औषध तयार झाले. चरबी साठून सुजलेल्या आणि व्रण पडू लागलेल्या यकृतासाठी मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

टीएसएच ही उत्तम चाचणी आहे आणि बहुसंख्य रुग्णांचा डोस तिच्यावरूनच ठरवावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ती पिट्यूटरीची साक्ष आहे, हे विसरता कामा नये. म्हणूनच वजन उतरवण्यासाठी शेजारणीची गोळी घेणाऱ्या किंवा आपला डोस परस्पर वाढवणाऱ्या मंडळींची मला मनापासून काळजी वाटते. चरबी थोडी उतरेलही, पण जादा संप्रेरक हृदयालाही पोहोचते आणि हाडांनाही. उतारवयात त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात.

गर्भाचा मेंदू आणि कान घडत असतात, तेव्हा तर चूक भरून काढता येत नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तोवर सारा पुरवठा आईकडूनच होतो. त्यामुळे आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने गर्भ राहिल्याचे कळताच, पुढच्या भेटीची वाट न पाहता, डॉक्टरांना गाठून डोस तपासून घ्यायला हवा.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून यावे, अशी विनंती आहे. त्यात हृदय, यकृत, स्नायू, हाडे आणि गर्भ यांना स्वतंत्र जागा मिळावी, आणि जन्मल्यानंतर काही दिवसांतच बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणाऱ्या तपासणीची माहिती ठळकपणे द्यावी. ग्रंथी जन्मतःच निकामी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर त्याची बुद्धी वाचवता येते. आणि अशी बहुतेक बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा