बाबा, चिठ्ठ्या टाकू नका

इंदूर,
रविवार, रात्री

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही दोघांनी नगरलाच राहायचं की इथं माझ्याकडे यायचं, यावर आज फोनवर बाबा म्हणाले, "दोन चिठ्ठ्या करू. एकीवर नगर, एकीवर इंदूर. प्रार्थना करून आई एक उचलेल, मग वाद नको." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

बाबा, चिठ्ठ्या टाकू नका. तुम्ही मत्थियाचा दाखला दिलात. यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे. पण दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर मंडळीनं पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात कुठं आलेलं नाही. पंधराव्या अध्यायातला प्रश्न केवढा मोठा होता! परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची की नाही? सगळे यरुशलेमेत जमले, पुष्कळ वाद झाला, पेत्र उठून बोलला, बर्णबा आणि पौलानं अनुभव सांगितले, याकोबानं शास्त्राचा आधार काढला. मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं. त्यातलं "व आम्हांला" वाचून मला फार धीर येतो. तुम्ही म्हणता वाद नको. मला वाटतं, आपण तिघांनी तो एकदा नीट घालावाच.

पणजोबांच्या घरी देवाला कौल लावायचे, हे तुम्हीच सांगता. ते सोडून आपण ज्याच्याकडे आलो, त्यानं आपल्याला लेकरं म्हटलंय.

तुमच्यापासून एक गोष्ट इतकी वर्षं लपवली, ती आज लिहिते. इंदूरचं स्थळ आलं तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते, प्रभूनं मला रूथचं वचन दिलं. खरं असं की मी डोळे मिटून बायबल उघडलं तर आधी 'गणना' पुस्तकातली शिरगणती निघाली. दुसऱ्यांदा विलापगीत निघालं, ते भिऊन मिटलं. तिसऱ्यांदा रूथ आपल्या सासूबरोबर, नामीबरोबर, परमुलखात निघाली ते पान आलं, आणि तेच मी उत्तर म्हणून तुम्हाला सांगितलं. मन माझं आधीच ठरलेलं होतं, देवाची फक्त सही घेतली. संसार सुखाचा झाला ही त्याची कृपा. पण तेव्हा वाट खरी कशानं दिसली? बाबा, तुम्ही मनमाड-धुळ्याच्या रस्त्यानं रात्रभर बसनं इथं आलात, पाळकांना भेटलात, शेजाऱ्यांकडे चहा घेतलात, ह्यांच्या आईच्या दुखण्यात कोण उठबस करतं ते विचारलंत. परत जाऊन आईला म्हणालात, "माणसं देवाला भिणारी आहेत." ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून या वेळी मला माझीच भीती वाटते. बाबा जिन्यात तोल जाऊन पडता पडता वाचले, तेव्हापासून मी रोज "तुझी इच्छा होवो" म्हणते आणि मनात तुमच्या खोलीचे पडदे ठरवते. गेथशेमाने बागेत प्रभूनंही दुःखाचा प्याला टळावा असं आधी बोलून दाखवलं, मग बापाच्या इच्छेला मान दिला. तशी मीही सांगून टाकते. तुम्ही दोघं मला इथं हवे आहात. ही माझी इच्छा आहे, तिला देवाची आज्ञा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आमच्या चर्चची उपासना हिंदीत असते. बाबांची मराठी भजनं घरी म्हणू, पण रविवारी ती मिळणार नाहीत. राजवाड्याकडे गेलं की मराठी कानावर पडतं, तरी नगरची मंडळी ती नगरची मंडळी. मिशन तिथं 1831 साली आलं, आपल्या चार पिढ्या त्याच अंगणात वाढल्या. रात्री-अपरात्री धावून येणारी माणसं तिथं आहेत, आईचं महिला मंडळ आहे. हे सगळं प्रार्थनेत मांडायला हवं, आणि तो जिनाही. आई, डॉक्टरांनी बाबांच्या चक्करीबद्दल काय सांगितलं, ते मला शब्द न् शब्द सांग. "प्रभू बघेल" म्हणून टाळू नकोस गं.

दिवाळीनंतर एक महिना या. परतीची तिकिटं मी आधीच काढून ठेवते. येण्याआधी पाळकांशी आणि मावशीशी बोला. मावशीला माझा विचार पटत नाही, म्हणून तिचं जरूर ऐका. तुमची कौटुंबिक प्रार्थना आठला असते, त्याच वेळी मीही इथं बसेन. तोवर "देवानं सांगितलं" असं तिघांपैकी कुणी म्हणायचं नाही, एवढं ठरवूया का?

चिठ्ठ्या लिहून झाल्या असतील तर बायबलमध्ये तशाच राहू द्या. आणि आई, येताना शेंगदाण्याची चटणी आण, इथल्या मिरचीला तुझी चव येत नाही.

तुमची लेक